चेश्लिक हीरो आणि विलिमोव्स्की गद्दार? इतकं सोपं नसतं हो

उंबरठा

काल रणझुंजार यांची 'मैदानावरची देशनिष्ठा' ही पोस्ट वाचली. विषय पोलंडचे दोन जुने फुटबॉलपटू, चेश्लिक आणि विलिमोव्स्की. दोघेही शिलेशिया भागातले, दोघेही खोझुफच्या रुख क्लबचे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी त्यातला मासला: "गेरार्द सिएस्लिकने १९५७ साली रशियाच्या छाताडावर दोन गोल मारले आणि त्याच्याच गल्लीतल्या विलिमोव्स्कीने हिटलरच्या गरुडाचा शर्ट घातला. एकच माती, पण एकाचं नाव सोन्यात, दुसऱ्याचं चिखलात." खाली चाळीस-पन्नास जणांचं 'कडक!', 'अंगावर काटा!'. माझा चहा गार झाला.

चेश्लिक माझाही लाडका आहे, म्हणून तर चिडलोय. २० ऑक्टोबर १९५७, विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना, खोझुफचं स्टेडियम, लाखभर माणूस. जूनमध्ये मॉस्कोत ०-३ असा मार खाल्लेला पोलंडचा संघ. समोर गोलात लेव्ह याशिन. आणि हा साडेपाच फूटही नसलेला गडी मध्यंतराआधी एक आणि नंतर एक गोल करतो. दुसरा तर डोक्याने! २-१. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. सगळं खरं.

पण रणझुंजार, तुमच्या या सोन्याच्या नावाच्या माणसानेही जर्मन गणवेश घातला होता. तोही खेळाचा नव्हे, सैन्याचा. १९२७ चा जन्म, युद्ध सुरू झालं तेव्हा १२ वर्षांचा. अप्पर शिलेशिया जर्मनीला जोडून टाकला, त्याचा रुख क्लब नाझींनी बंद केला, पोरगा वाढला आणि वेअरमाख्टमध्ये, म्हणजे नाझी जर्मनीच्या सैन्यात, भरती झाला. पकडला गेला, सुटून घरी आला आणि पुन्हा रुखमध्ये खेळू लागला. विलिमोव्स्की १९१६ चा. युद्ध आलं तेव्हा २३ वर्षांचा, नावाजलेला, सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारा. दोघांमध्ये ११ वर्षांचं अंतर आहे. तुमचं सोनं आणि चिखल त्या ११ वर्षांत आहे, रक्तात नाही.

रणझुंजार

माझ्यासाठी खास धागा! आभारी आहे.

मुद्द्याचं बोलतो. भरती केलेला १७-१८ वर्षांचा पोरगा आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन जर्मनीसाठी गोल करणारा तरबेज खेळाडू, हे तुम्हाला सारखे वाटतात? चेश्लिकला कुणी विचारलं नव्हतं. विलिमोव्स्कीने १९४१-४२ मध्ये जर्मनीसाठी ८ सामन्यांत १३ गोल केले. बर्नमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध तर एकट्याने ४. नाइलाजाने खेळणारा माणूस एक-दोन गोल करून गप्प बसतो हो. तेरा कशाला?

आकडेमोड

नाइलाजाने खेळणारा फॉरवर्ड समोर रिकामा गोल दिसला की बॉल मुद्दाम बाहेर मारतो, ही थिअरी पहिल्यांदाच ऐकली. वाचनखूण साठवली आहे.

रच्याकने, धाग्यात खेळाबद्दल कुणी बोलणार आहे का? ५ जून १९३८, स्ट्रासबर्ग. विश्वचषकातला पोलंडचा पहिलाच सामना, समोर ब्राझील. विलिमोव्स्कीचे ४ गोल आणि उरलेला एक ज्या पेनल्टीवर आला तीही त्याला पाडल्यामुळेच मिळालेली. तरी जादा वेळेत ५-६ ने हरले, कारण पलीकडे लिओनिदासने ३ मारले. पुढच्या वर्षी लीगमध्ये वुचच्या युनियन-टूरिंगविरुद्ध १२-१, त्यातले १० एकट्याचे. आणि २७ ऑगस्ट १९३९ ला वॉर्सात, वर्षभरापूर्वीच्या विश्वचषक उपविजेत्या हंगेरीविरुद्ध ०-२ वरून ४-२, त्यातले तीन याचे. पाच दिवसांनी युद्ध. पोलंडसाठी २२ सामने, २१ गोल. चेश्लिकचे ४५ सामन्यांत २७. चांगलेच आहेत, पण तुलना करायची तर करा.

शब्दवेल्हाळ

चर्चा छान चालली आहे. एक छोटी दुरुस्ती. 'सिएस्लिक' असं काही नसतं. पोलिशमध्ये तो उच्चार 'चेश्लिक' आहे. उंबरठा यांनी बरोबर लिहिलंय, पण मग 'विलिमोव्स्की' का? तिथे 'व्हिलिमोफ्स्की' हवं. शहराचं नाव मात्र 'खोझुफ' असं अचूक. म्हणजे अर्धं पोलिश, अर्धं इंग्रजी मार्गे. एक पद्धत ठरवा.

रणझुंजार

आलेच.

शब्दवेल्हाळ

'आलेच' म्हणजे? ज्याला सोन्यात मढवायचं त्याचं नाव तरी नीट लिहावं एवढीच अपेक्षा आहे. 'तुकराम' लिहिलं तर चालेल का तुम्हाला?

रणझुंजार

तुकाराम महाराजांना मध्ये आणायची गरज नव्हती. माझा मुद्दा देशनिष्ठेचा आहे, उच्चारांचा क्लास लावलेला नाही.

दहिवडी_ते_डॉइचलांड

गंमत अशी की या प्रकरणात नाव हाच मुद्दा आहे. विलिमोव्स्की (किंवा फ्स्की, शब्दवेल्हाळ, माफ करा) हे त्याचं जन्माचं नावच नाही. जन्म कातोवित्सेत, तेव्हा ते जर्मन साम्राज्यात. नाव एर्न्स्ट ओट्टो प्राडेला. बाप पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढताना गेला. आईने पुन्हा लग्न केलं आणि सावत्र बापाचं आडनाव लागलं, ते पोलिश. एर्न्स्टचा एर्नेस्ट झाला. तो सहा वर्षांचा असताना, १९२२ मध्ये, सीमारेषा सरकली आणि घर न हलवता कुटुंब पोलंडमध्ये आलं. पहिला क्लब तिथल्या जर्मनांचा, मग रुख. त्याला विचारलं तर तो स्वतःला अप्पर शिलेशियन म्हणायचा.

आता उलटी बाजू. एर्न्स्ट पोल, पुढचा मोठा फॉरवर्ड, रोम ऑलिंपिकमध्ये ट्युनिशियाविरुद्ध पाच गोल मारणारा. त्याचं आडनाव जर्मन स्पेलिंगचं. युद्धानंतर पोलिश राज्याने शिलेशियात नावं धुऊन काढायची मोहीम चालवली, त्यात याच्या आडनावातलं एक अक्षर उडवलं. माणूस तोच, गोल तेच, १८६ लीग गोल. त्यामुळे 'एकच माती' म्हणणाऱ्यांनी आधी ठरवावं की मातीवर पाटी कोणाची लावायची.

शब्दवेल्हाळ

म्हणजे मी विषयांतर करत नव्हतो.

आकडेमोड

करतच होतात. तुमच्या नशिबाने विषय तुमच्याकडे चालत आला.

रणझुंजार

सगळं ऐकलं. सीमा सरकल्या, नावं बदलली, वाईट झालं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. विलिमोव्स्कीने पोलंडचा पांढरा गरुड छातीवर घालून २२ सामने खेळले. तो गरुड काढून दुसरा लावताना हात थरथरले की नाही? त्याच काळात पोलिश खेळाडू छावण्यांत मरत होते. आमच्या आजोबांनी ४२ मध्ये तुरुंगवास भोगला, ब्रिटिशांची नोकरी नाकारली. त्यांनाही पोटाचा प्रश्न होताच. नातवाने आज 'परिस्थितीच तशी होती' म्हणायचं असेल तर मग कुणाचंच काही बिघडत नाही.

उंबरठा

आजोबांना दंडवत, खरंच. उपरोध नाही.

पण परिस्थिती कसली होती ते बघा. फोल्क्सलिस्टवर, म्हणजे नाझींच्या 'जर्मन लोकां'च्या यादीवर सही करा, नाहीतर हकालपट्टी किंवा छावणी. अप्पर शिलेशियात दहा लाखांहून जास्त लोकांची नावं त्या यादीत गेली. कातोवित्सेच्या बिशपनीच लोकांना सही करून जीव वाचवायला सुचवलं होतं. बिशप गद्दार? आणि विलिमोव्स्कीची आई आउशविट्झमध्ये डांबलेली होती, एका ज्यू माणसाशी संबंध ठेवल्याबद्दल. ती जिवंत बाहेर आली ती पोराच्या ओळखीपाळखीने. आई तिथे असताना तुम्ही जर्मन प्रशिक्षक हेरबर्गरच्या संघात जायला 'नाही' म्हणाला असतात का? मी म्हणालो नसतो. तुमच्या आजोबांइतका मी मोठा नाही.

मोगरा_कोथरूड

आईचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

रणझुंजार

आईचा मुद्दा मान्य. पण घटनाक्रम बघून मान्य करा म्हणजे झालं. तो १९४० लाच जर्मनीतल्या केमनिट्झच्या पोलिस संघात जाऊन बसला होता. आईचं प्रकरण त्याआधीचं आहे का? मागून मिळालेल्या सहानुभूतीवर आधीचे गोल धुता येत नाहीत.

उंबरठा

पोलिस संघात गेला कारण तिथे खेळणाऱ्याला आघाडीवर पाठवत नव्हते. म्हणजे ज्या वेअरमाख्टमध्ये तुमचा हीरो गेला ते टाळायला हा पोलिसात गेला! आणि शेर्फके? ती १९३८ ची पेनल्टी मारणारा, पोलंडचा विश्वचषकातला पहिला गोल ज्याच्या नावावर आहे तो पोझ्नानचा जर्मन. तो जर्मन सैन्यात गेला आणि तिथून जुन्या पोलिश साथीदारांना मदत करत राहिला असं पोझ्नानमध्ये सांगतात. याला कुठल्या डब्यात टाकता?

वळिवडेकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. पोलंड म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना वळिवडे आठवतंय. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. आज जिथं गांधीनगर आहे तिथं. माझे आजोबा सायकलवरनं छावणीत दूध घालायचे. ती पोरं पायात धड बूट नसताना दिवसभर चेंडू मारायची, म्हणायचे. आजोबांनी चार पोलिश शब्द शिकलेले ते मरेपर्यंत चुकीचे बोलले.

सांगायचं कारण, ही मंडळी पूर्व पोलंडची. त्यांना हाकललं ते जर्मनांनी नाही, रशियनांनी. सैबेरियातनं इराणमार्गे इथवर. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावंच सोव्हिएतमध्ये गेलेली, परत जायचं कुठं? म्हणून १९५७ च्या त्या दोन गोलांची किंमत पोलिश माणसाला फुटबॉलपेक्षा जास्त असणार. जर्मनीविरुद्धचे गोल निराळे, रशियाविरुद्धचे निराळे. चेश्लिक मोठा झाला तो कुणाविरुद्ध मारले त्यामुळं.

रणझुंजार

वळिवडेकर, हेच मी म्हणत होतो!

वळिवडेकर

तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता राव. तुम्ही रक्त म्हणत होता.

मोगरा_कोथरूड

म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉलचं वेड पोलिश लोकांकडून आलंय का? मी असं कुठेतरी वाचलं होतं.

वळिवडेकर

नाही!!! हे कुणी पसरवलंय त्याला एकदा शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाच्या सामन्याला आणून बसवा. तालमीची पोरं त्याआधीपासून खेळत होती. दर वेळी आमचं काही चांगलं असलं की बाहेरनंच आलेलं असतं होय? चप्पल पण पोलंडवरनं आली म्हणा आता.

मोगरा_कोथरूड

अहो मी फक्त विचारलं!

आकडेमोड

धागा कोल्हापूरला पोचला, आता तांबडा-पांढरा येईपर्यंत मी परत फुटबॉल सांगून घेतो.

१९५७ चा गौरव करणाऱ्यांना पुढचं आठवत नाही. गुण बरोबरीत सुटले म्हणून २४ नोव्हेंबरला लाइप्झिगमध्ये पुन्हा सामना झाला आणि रशिया २-० ने जिंकला. स्वीडनला तेच गेले. चेश्लिकच्या त्या दोन गोलांमुळे पोलंड विश्वचषकाला गेला नाही, गेला असता तर गोष्ट वेगळी. आणि '५१ चं लीग विजेतेपद! लीगमध्ये पहिला आला विस्वा क्राकुफ, पण त्या वर्षी विजेतेपद चषक जिंकणाऱ्याला द्यायचं ठरलेलं, म्हणून चेश्लिकचा संघ चॅम्पियन. ५२ आणि ५३ ची खरी. एक कागदी.

दहिवडी_ते_डॉइचलांड

कागदी म्हणा, पण नियम आधी ठरलेला होता. आणि ५३ मध्ये तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा होता, ते कागदी नाही. लीगमध्ये एकूण १६० हून जास्त, सगळे एकाच क्लबसाठी. तेही कसल्या काळात! क्लबचं नाव सरकारी संघटनेप्रमाणे बदलून 'उनिया' केलेलं. चांगला खेळाडू दिसला की लष्कराचा क्लब भरतीची नोटीस पाठवून वॉर्साला उचलायचा. ब्रिखची शिलेशियाचाच, असाच त्या लष्करी क्लबात, लेगियात गेला तो जन्मभर तिथेच राहिला. पोललाही काही वर्षं तिथे काढावी लागली. चेश्लिक तेवढा घरी राहिला.

रणझुंजार

म्हणजेच निष्ठा! आता तरी मान्य करा.

आकडेमोड

निष्ठा की नशीब? तेव्हा बाहेरच्या देशात जायची मुभाच नव्हती. पिंजऱ्यातला पोपट उडून गेला नाही म्हणून त्याच्या निष्ठेचा सत्कार करायचा का? मी स्वतः एका कंपनीत १९ वर्षं काढली, निरोप समारंभात सगळे 'लॉयल्टी, लॉयल्टी' करत होते. कुणी दुसरीकडे घेतलं नाही ही खरी गोष्ट. शाल मात्र दिली.

उंबरठा

इथे मी आकडेमोड यांच्या विरुद्ध आहे. खेळणं संपल्यावर तरी तो मोकळा होता ना? १९५९ नंतरही तो रुखशीच राहिला, पोरांना शिकवत राहिला आणि २०१३ मध्ये खोझुफमध्येच वारला. त्याला पोपट म्हणू नका. माझा राग चेश्लिकवर नाहीच आहे, हे किती वेळा टंकू?

कातोवित्सेवासी

मी चार वर्षं इथे नोकरीला आहे, म्हणून बोलतो. माझी पहिली घरमालकीण खोझुफची होती, ऐंशीच्या पुढची. (हीटिंगच्या बिलात तिने मला जे गुंडाळलं ते वेगळं सांगेन, फेब्रुवारीत तर पुण्यात वन बीएचकेचं भाडं होईल एवढं बिल. डिपॉझिट अजून पूर्ण मिळालेलं नाही.) तिच्या दिवाणखान्यात दोन फोटो शेजारी होते. वडील वेअरमाख्टच्या कपड्यात, मामा जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या, जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याच्या कपड्यात. मी मूर्खासारखं विचारलं, मग तुमचा मामा चांगला ना? ती म्हणाली, मामा आधी त्याच वेअरमाख्टमध्ये होता, इटलीत पकडला गेला आणि तिथे कपडे बदलले. असे हजारो होते.

आणि हे जुनं झालंय असं समजू नका. २००५ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत डोनाल्ड तुस्कच्या आजोबांचं वेअरमाख्ट काढलं होतं विरोधकांनी. तेही जबरदस्तीने भरती झालेले. तुस्क ती निवडणूक हरला. 'वेअरमाख्टमधला आजोबा' ही इथे म्हण झाली आहे. रणझुंजार, तुम्ही पोस्ट पोलिशमध्ये लिहिली असतीत तर वॉर्सात टाळ्या आणि इथे शिव्या पडल्या असत्या.

रणझुंजार

मला इथेही पडतच आहेत, वेगळं काय.

ठीक आहे. 'एकच माती' हे वाक्य मी काढून टाकतो. पोस्टमध्ये चेश्लिकच्या भरतीचा उल्लेखही घालतो, कारण तो मला खरोखर माहीत नव्हता. पण 'गद्दार' काढून 'परिस्थितीचा बळी' असं काही लिहिणार नाही. पाच वर्षं पांढऱ्या गरुडासाठी खेळलेला माणूस दुसऱ्यासाठी खेळला एवढं तसंच राहणार. ज्यांना त्यात चूक दिसत नाही त्यांनी खुशाल त्याचा पुतळा उभारावा.

उंबरठा

पुतळा कोण मागतंय. १९४५ नंतर तो मरेपर्यंत पोलंडमध्ये पाऊल टाकू शकला नाही. १९९७ मध्ये कार्ल्सरूहला गेला. ९५ साली रुखने क्लबच्या पंचाहत्तरीला बोलावलं होतं, तेव्हाही आला नाही. तुम्ही एक शब्द काढला असतात तरी चाललं असतं.

बाकी एकच विचारतो. ३०-३९ मध्ये हायदुकीत एक बुटका पोरगा वाढत होता. घराजवळच्या मैदानावर लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस खेळत होता. तो पोरगा कुणाची नक्कल करत मोठा झाला असेल?

रणझुंजार

भावनिक ब्लॅकमेल. उत्तर देत नाही.

आकडेमोड

उत्तर दिलं की हो तुम्ही.

शब्दवेल्हाळ

कातोवित्सेवासी, तुम्ही तिथे आहात म्हणून विचारतो. तुमच्या मालकीणबाई 'गेरार्द' कसं म्हणायच्या? मी आग्रहाने 'गेरार्द चेश्लिक' लिहावं असं सुचवणार होतो.

कातोवित्सेवासी

पोलिशमध्ये शब्दाच्या शेवटचा द हा त होतो. 'गेरार्त'.

शब्दवेल्हाळ

मान्य. पण 'तुकराम'चा मुद्दा मागे घेत नाही.

वळिवडेकर

गेरार्त म्हणा, गेरार्द म्हणा, पण त्या कोथरूडच्या बाईंना कुणीतरी सांगा की फुटबॉल कोल्हापूरचाच आहे.